नाव घालून गाणं

परभणी निजामाच्या राज्यात होती तेव्हा हैदराबादच्या सरकारनं एक कायदा केला. साल १३२९ फसली, म्हणजे इसवी सन १९१९ च्या सुमारास. हैदराबाद शहरात, आणि सरकार खास जाहीर करील त्या इतर ठिकाणी, ज्या हिजड्यांबद्दल संशय असेल त्यांची नावं आणि पत्ते एका वहीत लिहून ठेवायचे. वहीत नाव चढलेला माणूस बायकी कपड्यांत, दागिने घालून रस्त्यावर दिसला, रस्त्यात नाचला, वाद्य वाजवलं, लोकांच्या करमणुकीत सामील झाला, तर पोलिसांनी वॉरंटाशिवाय धरायचा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नमुना इंग्रजांचाच होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग जवळपास याच शब्दांत लिहिलेला आहे. १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं, १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. तो कायदा मात्र तेलंगणाच्या कागदोपत्री तसाच पडून राहिला. जुलै २०२३ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला, तेव्हा त्याचं वय शंभरीच्या पुढं गेलं होतं.

या कायद्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तो नाचण्याला आणि वाजवण्यालाच गुन्हा ठरवतो. पुरुष म्हणून जन्मलेलं शरीर लुगडं नेसून, नटूनथटून, चारचौघांत गायला लागलं की काय होतं, हे त्या सरकारला नीट कळलेलं होतं. आपल्या संगीतसमीक्षेला ते अजून तितकं कळलेलं नाही. म्हणून तर पोलिसांच्या वहीत ही नावं सापडतात आणि कॅसेटच्या वेष्टनावर, यूट्यूबच्या व्हिडिओखाली, लोककलेवरच्या जाड ग्रंथांच्या सूचीत सापडत नाहीत.

मी या लेखात एका अल्बमबद्दल लिहिणार आहे, जो परभणी जिल्ह्यात झालेला नाही. तो व्हायला हवा होता, आणि त्यासाठी लागणारं सगळं इथं कधीपासून आहे, हे मला सांगायचं आहे.

तो कसा असता हे कळायला आधी बर्लिनला जाऊ. साल २०००. मेरिल निस्कर ही कॅनडातल्या टोरोंटोची बाई, तिशी ओलांडलेली. लहान मुलांना संगीत आणि नाटक शिकवून पोट भरायची. आधी लोकगीतांच्या ढंगाचं गायची, मग मित्रांबरोबर बँड. मधेच थायरॉइडचा कर्करोग झाला, नातं तुटलं. त्यातून उठून तिनं एक यंत्र घेतलं. रोलँड कंपनीचं एमसी-५०५. दिसायला कॅसिओच्या पेटीसारखं, पण आत ढोल, टाळ, खर्जाचे ठोके, सगळं भरलेलं. बटणं दाबून ताल बांधायचा, तो फिरत ठेवायचा आणि वर आपण गायचं. साथीदार नको, स्टुडिओ नको. त्या एका यंत्रावर तिनं जवळपास सगळा अल्बम उभा केला. बर्लिनच्या 'किटी-यो' या छोट्या कंपनीनं तो काढला. नाव 'द टीचेस ऑफ पीचेस'. पीचेस हे तिनं घेतलेलं नाव. मास्तरीण होती, म्हणून शिकवण. आणि स्वतःचं नाव थेट अल्बमच्या नावात.

इलेक्ट्रो-पंक म्हणतात ते हेच. पंकचा राग, कच्चेपणा, वाद्य धड येत नसलं तरी मंचावर चढण्याची हिंमत आणि खाली यंत्राचा एकसुरी, न थकणारा ठोका. पीचेसनं त्यात आपलं शरीर आणलं. काखेतले केस न काढता, तोकड्या चड्डीत, घामानं निथळत ती एकटी मंचावर यायची आणि बाईच्या वासनेबद्दल अशा शब्दांत गायची, जे शब्द जगात सगळीकडे पुरुषांच्याच मालकीचे समजले जातात. पुढच्या, २००३ च्या अल्बमच्या मुखपृष्ठावर तिनं स्वतःला भरघोस दाढी लावली. बाईनं कसं दिसावं, पुरुषानं कसं दिसावं, कुणी कुणावर प्रेम करावं, या तिन्ही प्रश्नांना तिनं एकाच वेळी हात घातला. पहिल्या अल्बमची विशी उलटल्यावर तिनं तो पुन्हा जगभर फिरवला आणि त्या प्रवासावरच्या माहितीपटाला २०२४ च्या बर्लिन महोत्सवात टेडी पुरस्कार मिळाला. क्विअर सिनेमासाठी हा पुरस्कार मानाचा समजला जातो.

पण मला सर्वांत भिडते ती तिच्या नावाची हकीकत. 'पीचेस' हे नाव तिनं नीना सिमोन या कृष्णवर्णीय गायिकेच्या १९६६ च्या 'फोर वुमेन' या गाण्यातून घेतलं. त्या गाण्यात चार बायका येतात, प्रत्येक जण आपली कातडी, आपला जन्म, आपले भोग सांगते आणि शेवटी आपलं नाव सांगते. चौथी नाव सांगत नाही, ते ओरडते. ते ओरडलेलं नाव मेरिल निस्करनं उचललं.

गाण्याच्या शेवटी आपलं नाव ठोकून सांगणं ही रीत परभणी जिल्ह्याला नवी नाही. गंगाखेडच्या जनाबाईनं ती सातशे वर्षांपूर्वी पाळली. दमा आणि करुंड यांची ही पोर, पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी. शेण, पाणी, दळण, कांडण यात आयुष्य गेलं. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत आणि त्यांत आपली नाममुद्रा घालायला ती विसरत नाही. दासी असणं लपवत नाही, नामदेवाची दासी म्हणूनच सही करते, पण सही करते. त्यातला एक अभंग तर आजही घराघरांत गायला जातो आणि त्यात ती काय म्हणते याकडं गाणाऱ्यांचं लक्ष असतं की नाही, मला शंका येते. डोक्यावरचा पदर घसरू देऊन ती भर बाजारात निघते, हातात टाळ, खांद्यावर वीणा, आणि कोण अडवतो ते बघतेच असं म्हणते. शेवटी बाजारात बसणाऱ्या बाईला जो शब्द लोक तुच्छतेनं वापरतात तोच शब्द ती स्वतःला लावून घेते आणि तसंच देवाच्या घरी शिरते. चौदाव्या शतकातल्या एका शूद्र बाईनं हे गायलं. पंक हा शब्द तोवर जन्माला यायचा होता, वृत्ती गोदावरीच्या काठी येऊन गेली होती. जनी देवाला विठाबाई म्हणते, आई म्हणते. तिकडं ज्ञानदेव विरहिणी होऊन गातात. पैठणला एकनाथ भारुडात जोगवा मागतात, मुरळी होतात, वेडी होतात, आणि भारूड करणारा दाढीमिशांचा गडी आजही त्यासाठी लुगडं नेसतो. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातले निरंजन भाकरे 'बुरगुंडा' सादर करायचे तेव्हा समोरच्या गर्दीला तो पुरुष आहे की बाई, हा प्रश्नच पडत नसे.

खुद्द परभणीतल्या राजारामबापू कदम गोंधळ्यांचं नाव इथं घेतलंच पाहिजे. संबळ, तुणतुणं, झांज, दिवटी, एवढ्या सामानावर रात्र काढणारी ही परंपरा. त्यांच्या 'जांभूळ आख्याना'ची कथा अशी: पाच नवऱ्यांची द्रौपदी कर्णाला पाहून मनात त्याची इच्छा धरते आणि झाडाचं तोडलेलं जांभूळ पुन्हा देठाला लागावं म्हणून तिला ती गोष्ट पाचही पांडवांसमोर कबूल करावी लागते. विवाहित बाईची इच्छा, तिच्याच तोंडून, देवीच्या गोंधळात. आणि गाणारा पुरुष. लोकशाहीर विठ्ठल उमपांनी हे आख्यान शहरी रंगमंचावर नेलं. एका खांद्याच्या झोकात द्रौपदी, दुसऱ्या झोकात कृष्ण असे ते व्हायचे. जे सांगायला बर्लिनला यंत्र लागलं, ते इथं संबळावर सांगून झालेलं होतं.

आता इथं मला सावध राहायला हवं, कारण आपल्या परंपरेत सगळं आधीच होतं असं म्हणत बसण्याची सवय आपल्याला वाईट लागलेली आहे. लुगडं नेसून गाणारा प्रत्येक गडी क्विअर नसतो. बालगंधर्व सुभद्रा, भामिनी, रुक्मिणी होऊन उभे राहिले. त्यांचं नेसणं, त्यांची केशरचना घरंदाज बायकांनी उचलली, १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ती एका थोर नटाची कला होती आणि समाजानं ती डोक्यावर घेतली. तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला मात्र हा मान आला नाही. गणपत पाटलांनी मराठी पडद्यावर नाच्या असा काही रंगवला की लोक भूमिका आणि माणूस यांतला फरकच विसरले, आणि त्याचा चटका त्यांच्या घरादाराला बसला. एक पुरुष बाई झाला तर राजहंस, दुसरा झाला तर टिंगल. हा फरक कलेचा नाही. एक नाटकाच्या तिकिटाच्या खुर्चीसमोर उभा होता, दुसरा जत्रेतल्या कनातीत.

पोतराजाचं तर आणखी अवघड आहे. कंबरेला चिंध्यांचा, खणांचा घागरा, पायांत घुंगरं, न कापलेले केस मोकळे, कपाळभर हळदकुंकू, हातात आसूड. पाठीवर आसूड ओढत तो दारात येतो, बायको डोक्यावर मरीआईचा गाडा घेऊन ढोल घुमवते. हे दृश्य लंडनच्या कुठल्याही पंक मंचावर ठेवलं असतं तर त्यावर प्रबंध लिहिले गेले असते. पण त्या घागऱ्यात स्वातंत्र्य नव्हतं. मांग-महारांच्या पोराला नवसापोटी देवीला सोडायचा आणि त्यानं जन्मभर मार खाऊन मागत फिरायचं, अशी ती सक्ती होती. पार्थ पोळके यांचं 'आभरान' हे आत्मकथन वाचलं की त्या वेषाकडं कौतुकानं बघणं अशक्य होतं. आंबेडकरी चळवळीनं पोरांचे केस कापले, घागरे उतरवले, ते योग्यच केलं. म्हणून मी पोतराजाला क्विअर कलावंत म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की बाईचा वेष, पुरुषाचं अंग, कर्कश ताल आणि रस्ता हे चार एकत्र आले की माणसं थबकतात, हे मराठवाड्याला शिकवायची गरज नाही.

वेगळं काय आहे, तर निवड. परंपरा म्हणते, देवीनं धरलं म्हणून तू लुगडं नेस. नव्या काळातली पोर म्हणते, मी अशीच आहे म्हणून नेसते. पहिल्या वाक्यात गाणाऱ्याचं नाव लागत नाही, देवीचं पुरतं. दुसऱ्या वाक्याला नाव लागतं.

नवरात्रात परभणीहून तुळजापूरच्या, माहूरच्या वाटेनं देवीची गाणी गात जाणाऱ्या आराध्यांचे मेळे बघा. गळ्यात कवड्यांच्या माळा, हातात परडी, पोत. त्यांत तृतीयपंथी असतात, देवीला सोडलेले जोगते असतात, घरी पँट-शर्टात वावरून या नऊ रात्री लुगड्यात येणारेही असतात. आवाज खडा, मधल्या सप्तकाच्या वरच लागलेला, लाउडस्पीकरची पर्वा नसलेला. आणि खालचा ताल आता नुसत्या संबळाचा राहिलेला नाही. जागरण-गोंधळाच्या पार्ट्यांत, ऑर्केस्ट्रात, जयंतीच्या मिरवणुकीत कीबोर्ड आला, बेंजो आला आणि ऑक्टोपॅड आला. आठ रबरी चौकोनांची ती पेटी, काठीनं मारली की हव्या त्या वाद्याचा आवाज. ती पेटी पहिल्यांदा काढली रोलँडनंच, १९८५ मध्ये. पीचेसच्या एमसी-५०५ चीच ही वडील बहीण. जपानच्या एकाच कंपनीचं एक यंत्र बर्लिनच्या तळघरात गेलं आणि एक गंगाखेड, जिंतूर, पाथरीच्या मांडवात आलं. गावातला पोरगा संबळाचा बोल ऑक्टोपॅडवर भरतो आणि त्यावर आराधी गातो, तेव्हा तिथं इलेक्ट्रो आहे, तिथं रस्त्याचा आवाज आहे, आणि गाणाऱ्याचं शरीर कुणाच्याही चौकटीत बसणारं नाही. अल्बमला याहून काय लागतं?

लागतो तो गाण्यावरचा हक्क, आणि तिथंच सगळं अडतं. जोगत्यांच्या जगण्यावर राजन गवसांनी 'भंडारभोग' लिहिली, 'चौंडकं' लिहिली. त्यांवरून राजीव पाटलांनी 'जोगवा' काढला. उपेंद्र लिमयेला अभिनयाचं, अजय-अतुलला संगीताचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. चित्रपट उत्तम आहे, पारितोषिकं रास्त आहेत, मी कुणाचं श्रेय काढून घेत नाही. पण त्या संगीताचा मूळ ठेवा ज्यांच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या होता, त्यांच्यापैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. कॅसेटच्या काळातही देवीच्या गाण्यांच्या हजारो कॅसेटा तुळजापुरात विकल्या गेल्या. 'पारंपरिक' एवढा एक शब्द वेष्टनावर छापला की कवी, चालकार, गायक सगळ्यांचा हिशेब मिटत असे.

यातून वाट काढायचा सर्वांत मोठा प्रयत्न मुंबईत झाला. जानेवारी २०१६ मध्ये यशराजच्या वाय-फिल्म्सनं '६ पॅक बँड' आणला. सहा तृतीयपंथी गायिका: फिदा खान, रवीना जगताप, आशा जगताप, चांदनी सुवर्णकर, कोमल जगताप, भाविका पाटील. देशातला पहिला तृतीयपंथी बँड म्हणून त्याची जाहिरात झाली. आडनावं पाहिली तर निम्म्याहून जास्त मराठी. त्यांचं पहिलं गाणं 'हम हैं हॅपी', फॅरेल विल्यम्सच्या 'हॅपी'वर बेतलेलं. पुढं सोनू निगम आला, हृतिक रोशन आला. त्याच वर्षी कान्स लायन्समध्ये या मोहिमेला ग्लास लायनचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. सहा जणींचे चेहरे आणि नावं देशभर दिसली, ही मोठीच गोष्ट झाली, आणि सिग्नलवर काच खाली न करणाऱ्या माणसानं ते गाणं मोबाइलवर दुसऱ्यांदा लावलं असेल तर तेही मोलाचं. पण कान्स लायन्स हा जाहिरातींचा पुरस्कार आहे. मागं ब्रुक बाँड रेड लेबल चहा उभा होता. चाल दुसऱ्याची, कल्पना एजन्सीची, आनंदी असण्याची अटही बाहेरूनच आलेली. पीचेसला कुणी आनंदी राहायला सांगितलं नव्हतं. त्या सहा जणींना स्वतःच्या रागाचं, वासनेचं, थट्टेचं गाणं स्वतः बांधू दिलं असतं तर काय ऐकायला मिळालं असतं, याची मला हुरहुर आहे. टोळीत एकमेकींशी बोलताना त्यांची जीभ जी चालते, तिच्यापुढं कुठलाही रॅपर फिका पडेल.

पुस्तकांनी ही मजल मारलेली आहे. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं 'मी हिजडा, मी लक्ष्मी' मराठीतूनच आलं आणि मग इतर भाषांत गेलं. दिशा पिंकी शेख यांच्या 'कुरूप'मधली कविता कुणाच्या दयेवर उभी नाही. लिहिलेल्या शब्दावर नाव चढलं, गायलेल्या शब्दावर अजून चढायचं आहे.

१९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जाननं पहिल्या तबकड्या भरल्या तेव्हा ती गाणं संपताच इंग्रजीत आपलं नाव सांगत असे. तबकडी जर्मनीतल्या कारखान्यात तयार व्हायची, तिथल्या माणसांना ही कुणाची हे कळावं म्हणून. कारण तांत्रिक होतं, परिणाम मात्र असा की कोठ्यावरच्या एका बाईचं नाव देशाच्या ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात पहिल्या पानावर गेलं. तिच्या काळातल्या कितीतरी मोठ्या उस्तादांनी यंत्रात गायला नकार दिला आणि त्यांचा आवाज त्यांच्याबरोबर गेला. मराठवाड्यातल्या तृतीयपंथी आराध्यांना नकार द्यायची संधीसुद्धा कुणी दिलेली नाही.

कायदा आता त्यांच्या बाजूनं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'सादरकर्ता' या शब्दाच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्या जोडीला डोंबारी आणि गारुडीसुद्धा आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनं या सगळ्यांना दोन गोष्टी दिल्या. ध्वनिमुद्रणाच्या व्यापारी वापरातून मानधनाचा वाटा, आणि सादरीकरण आपलं आहे असं नावानिशी ओळखलं जाण्याचा हक्क. गाणं पारंपरिक असलं तरी सादरीकरण गाणाऱ्याचं असतं. सादरकर्त्याचा हा हक्क पन्नास वर्षं टिकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालानं तृतीयपंथी माणसाला आपली ओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार दिला, ६ सप्टेंबर २०१८ ला भारतीय दंड संहितेच्या ३७७ कलमातून प्रौढांचं संमतीचं प्रेम सुटलं. २०११ च्या जनगणनेत 'इतर' रकान्यात ४ लाख ८७ हजार ८०३ माणसं मोजली गेली होती. ती निजामाच्या वहीपेक्षा बरी नोंद, पण तिच्यातही माणूस आकडाच आहे.

म्हणून माझं मागणं थेट आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे परभणी जिल्हा येतो. तिथं प्रयोगजीवी कलांचं संकुल आहे. परभणीत आकाशवाणीचं केंद्र आहे. या दोघांनी मिळून एक अल्बम करावा. परभणी जिल्ह्यातल्या तृतीयपंथी आराध्यांचा, त्यांनी स्वतः निवडलेल्या आणि स्वतः बांधलेल्या गाण्यांचा, संबळावर किंवा ऑक्टोपॅडवर, त्यांना हवा तसा. शब्द झोंबले तरी कात्री लावू नये. लेखी करार करावा, मानधन बँकेत जमा करावं.

आणि वाचकहो, तुमच्या घरी जागरण-गोंधळ ठरेल, नवरात्रात दारात मेळा येईल, तुम्ही मोबाइलवर चित्रण कराल आणि टाकाल. टाकायच्या आधी परवानगी घ्या, नाव विचारा आणि ते खाली लिहा. आधार कार्डावर काय आहे ते विचारू नका. गाणारी जे नाव सांगेल तेच लिहा.